महिन्याचा किराणा आणि घरातलं दुखणं: तेल, मीठ, साखरेचा हिशेब

मीरा रोडच्या नया नगरात संध्याकाळी फेरफटका मारला की दिसतं, खाण्याची इथे कमी नाही. कबाब, बिरयानी, शोरमा, फालुदा, जिलबी, खारी, नानखटाई, सगळं चार पावलांवर. डोंगरी, माझगाव, जोगेश्वरी इथून लहान खोल्या सोडून हजारो कुटुंबं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इकडे राहायला आली. घर मोठं झालं, पण लोकलचा प्रवास लांबला, जेवायची वेळ रात्री दहा-अकरावर गेली आणि चालणं कमी झालं. आज बहुतेक घरांत एक तरी माणूस ‘शुगर’ची किंवा ‘बीपी’ची गोळी खातो.

हा प्रश्न फक्त मीरा रोडचा किंवा फक्त आपल्या समाजाचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) केलेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहारामुळे आहे, असं त्यात म्हटलं आहे.

आहाराचा विषय निघाला की दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, ‘बाहेरचं खाणं बंद करा’. दोन, ‘डॉक्टरने परहेज सांगितलंय’. दोन्ही बरोबर आहेत, पण अपुऱ्या आहेत. परहेज एका माणसाला सांगितलं जातं आणि सालन मात्र सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात शिजतं. अब्बांसाठी वेगळी फिकी भाजी आठ दिवस होते, नवव्या दिवशी बंद पडते. आमचं म्हणणं एवढंच आहे की घराची तब्येत ताटात ठरायच्या आधी किराण्याच्या यादीत ठरते. महिन्याला घरात किती तेल, किती मीठ, किती साखर येते हे मोजलं तर अर्धं काम तिथेच होतं. तो हिशेब कसा करायचा, ते या लेखात पाहू.

मॉरिशसचा धडा

हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर मराठी बोलणाऱ्यांचा समाज आहे, मुसलमान आहेत, तमिळ, भोजपुरी आणि चिनी वंशाचे लोकही आहेत. १९८० च्या दशकात तिथे मधुमेह आणि हृदयविकार फार वाढले. सरकारने १९८७ पासून लोकांना जागं करायला सुरुवात केली आणि एक साधी गोष्टही केली. स्वस्तात मिळणाऱ्या रेशनच्या तेलात बहुतांश पामतेल असायचं, त्याच्या जागी सोयाबीनचं तेल आणलं. १९९२ मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे १५ टक्क्यांनी उतरलेलं होतं. त्याचा मोठा वाटा या तेलबदलाचा होता, असं संशोधकांनी मांडलं.

यासाठी कोणी कोणाला वेगळं शिजवायला सांगितलं नव्हतं. पातेलं तेच, मसाला तोच, फक्त डब्यातलं तेल बदललं. मधुमेह मात्र एवढ्याने हटला नाही. त्यासाठी साखर, मैदा, पोटाचा घेर आणि चालणं यांच्याकडे पाहावं लागतं. म्हणजे एका बदलाने सगळं साधत नाही, पण घराच्या खरेदीत केलेला बदल घरातल्या प्रत्येकापर्यंत आपोआप पोहोचतो.

आपल्याकडे अजून स्वस्त तेल म्हणजे पामतेलच. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने रेशनकार्डावर १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात एक-एक किलो रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतं. सणाला गरिबाच्या घरी कढई चढली, हे चांगलंच झालं. पण रोजच्या वापराचं तेल निवडताना फक्त भाव पाहून चालत नाही.

पाच माणसांच्या घराचा हिशेब

पाच मोठ्या माणसांचं घर धरू. लहान मुलं असतील तर आकडे आणखी खाली येतील. तीस दिवसांचा हिशेब असा पडतो:

तेल-तूप: पोषण संस्थेने दोन हजार कॅलरींच्या ताटासाठी माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. पाच माणसांचे महिन्याचे साधारण ४ किलो, म्हणजे साडेचार लिटरच्या आत. तूप, लोणी, डालडा सगळं यातच आलं.

मीठ: माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा. महिन्याचं पाऊण किलो.

साखर: जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. पाच माणसांची महिन्याची पावणेचार किलो. पण बिस्किटं, शरबत, कोल्ड्रिंक, मिठाई यांतली साखरही यातच मोजायची. म्हणून डब्यातली साखर दोन किलोवर आली तरच गणित जुळतं.

भाजी आणि फळं: माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ. पाच माणसांना रोज दोन किलो भाजी आणि अर्धा किलो फळ. बटाटा भाजीत मोजत नाहीत.

आता आपल्या घरचं गेल्या महिन्याचं बिल काढून बघा. बहुतेक घरांत पहिले तीन आकडे जास्त निघतील आणि चौथा कमी. बाहेरून आणलेल्या बिरयानीतलं तेल-मीठ तर बिलात दिसतही नाही.

तेल: किती, कोणतं, कितीदा

सालनावर तरी आली नाही तर पाहुण्यांसमोर ठेवायला लाज वाटते, असं अनेक घरांत अजून आहे. कांदा तळून बरिस्ता करायचा, मग त्याच तेलात मसाला भाजायचा, वरून पुन्हा तुपाची फोडणी. एका पातेल्याला पाव लिटर तेल सहज जातं. यावर सोपा उपाय म्हणजे तेल बाटलीतून ओतायचं नाही, पळीने मोजून घालायचं. पाच माणसांसाठी रोजचं तेल सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका मध्यम कपाएवढं. सकाळी तेवढं वाटीत काढून ठेवा आणि दिवसभराचा स्वयंपाक त्यात बसवा. कोरमा, खिचडा, निहारी थंड झाल्यावर वर जमलेला तेलाचा थर चमच्याने काढून टाकला तरी चव जात नाही.

कोणतं तेल, याचं एका नावात उत्तर नाही. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी, सोयाबीन, तीळ, राइस ब्रान यांतली दोन-तीन आलटून पालटून वापरावीत. डालडा आणि पामतेल रोजच्या फोडणीला नको. वनस्पती तुपात ट्रान्स फॅट असायचं. त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) १ जानेवारी २०२२ पासून तेलातुपात त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. तरी वनस्पती तूप जड चरबीचंच राहिलं आहे. खारी, टोस्ट, नानखटाईचं पाकीट उलटून पाहा. घटकपदार्थांच्या यादीत पहिलं नाव सर्वात जास्त असलेल्या पदार्थाचं असतं. तिथे मैदा, पामतेल आणि साखर हीच पहिली तीन नावं असतील तर तो रोजचा नाश्ता होऊ शकत नाही.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवणं घरातही होतं आणि गाड्यावरही. तापवत राहिलेल्या तेलात घातक संयुगं साठतात. ती २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. घरात मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे आणि नाक असतं. तेल काळपट झालं, घट्ट झालं, फेस येतो, लवकर धूर निघतो, तर ते फेकायचं. एकदा तळलेलं चांगलं तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवावं, पुन्हा तळायला घेऊ नये. रमजानमध्ये महिनाभर एकाच कढईतल्या तेलात रोज भजी-समोसे निघतात, तिथे हे जास्त सांभाळायला हवं. गाड्यावरून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली गरम भजी तर घेऊच नये. छपाईची शाई तेलात उतरते. एफएसएसएआयने विक्रेत्यांना हे अनेकदा बजावलं आहे.

मीठ: मिठागरांच्या गावात

मीरा रोड आणि भाईंदर यांच्या खाडीकाठी मिठागरं आहेत. लोकलच्या खिडकीतून ती पांढरी वाफ्यांची जमीन आपण वर्षानुवर्षं पाहत आलोय. मीठ स्वस्त म्हणून त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण रक्तदाबाशी सगळ्यात जवळचं नातं त्याचंच. देशव्यापी पाहणीत भारतीय माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ जातं, असं आढळलं. हवं त्याच्या दीडपटीहून जास्त.

हे जास्तीचं मीठ कुठून येतं? लोणचं, पापड, चिवडा, फरसाण, वेफर, पाव, सॉस, तयार मसाल्याची पाकिटं आणि इन्स्टंट नूडल्स. बिरयानीच्या तयार मसाल्यात मीठ आधीच असतं आणि आपण सवयीने पुन्हा घालतो. कोकणातून आलेल्या घरांत सुकी मासळी लागते. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळताना आपण पाहतो. सुकी मासळी प्रथिनांना आणि कॅल्शियमला चांगली आहे, पण खारवलेला बांगडा किंवा सुरमई असेल तर अर्धा-पाऊण तास पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावं आणि कालवणात वेगळं मीठ घालू नये.

दस्तरखानावरची मिठाची वाटी उचलली तर पहिले दोन आठवडे जेवण फिकं लागेल. मग जिभेला सवय होते. चव आणायला लिंबू, कोकम, चिंच, जिरं, मिरी, पुदिना, कोथिंबीर, लसूण आपल्याकडे भरपूर आहेत. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावं. सैंधव किंवा काळं मीठ ‘औषधी’ म्हणून मनसोक्त खाल्लं तरी त्यातही सोडियम असतंच. बाजारात कमी सोडियमचं मीठही मिळतं. त्यात पोटॅशियम असतं. ज्यांना किडनीचा आजार आहे किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत त्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

साखर: चहाच्या कपातून

दिवसात चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम. मर्यादा चहातच ओलांडली. कोल्ड्रिंकच्या शंभर मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते, मोठा ग्लास म्हणजे सहा चमचे. शरबताचं लाल सिरप बहुतांश साखरच असतं. पाकिटातला फळांचा रसही याच रांगेत बसतो. फळ चावून खावं, रस काढला की चोथा जातो आणि साखर उरते.

साखर सोडून गूळ किंवा मध घेतला की मधुमेहाला चालतं, हा समज चुकीचा आहे. गूळ, मध, खजूर तिन्ही रक्तातली साखर वाढवतात. साध्या एका खजुरात साधारण ५ ग्रॅम साखर असते. खजूर चांगला आहे, तंतू आणि खनिजं देतो, पण मधुमेह असलेल्याने एक-दोनवर थांबावं.

दर आठवड्याला चहातली साखर पाव चमच्याने कमी करा, दीड महिन्यात दोन चमच्यांचा अर्धा चमचा होतो आणि कळतही नाही. शीरखुर्मा ईदला करायचाच आहे. तो दर जुम्म्याला होऊ लागला की प्रश्न येतो.

मैदा, भात आणि पाव

सकाळी पाव-खारी, दुपारी भात, रात्री नान किंवा तंदूर रोटी. दिवसभर पोट भरतं ते पिठाने. पोषण संस्थेचं निरीक्षण आहे की आपल्याकडे रोजच्या उर्जेपैकी ५० ते ७० टक्के धान्यातून येते, ती ४५ टक्क्यांवर यायला हवी. भात-रोटी बंद करायची गरज नाही. ताटातला त्यांचा भाग कमी करून जागा डाळ, अंडी, मासे आणि भाजीला द्यायची. कोकणातली तांदळाची भाकरी, खानदेशातली कळण्याची भाकरी, मराठवाड्यातली ज्वारी, घाटावरची बाजरी हे सगळं आपल्याच नानी-दादीच्या चुलीवरचं आहे. आठवड्यातून चार दिवस ज्वारी-बाजरी-नाचणी आली तरी मैदा आपोआप मागे पडतो. तांदळाची भाकरी मात्र भाताइतकीच मोजायची.

गोश्त, मासे, अंडी, डाळ

आपल्याकडे प्रथिनं म्हटलं की गोश्त. पण पुष्कळ घरांत गोश्त असलेल्या दिवशी डाळ नसते आणि भाजी तर नसतेच. डाळ, अंडी, मासे, मांस मिळून माणशी दिवसाला ८५ ग्रॅमच्या आसपास पुरेसं असतं. डाळ कोरडी मोजायची. बकऱ्याचं किंवा मोठ्याचं मांस आठवड्यातून एक-दोनदा, कोंबडी आणि मासे दोन-तीनदा, बाकीचे दिवस अंडी, मसूर, चणे, राजमा, वाटाणे, असं ठेवलं तर खिसा आणि हृदय दोन्हींना परवडतं. चरबीचे पांढरे तुकडे शिजवण्याआधी काढावेत. सीख कबाबात चरबी मुद्दाम घालतात, हे लक्षात ठेवावं.

मासळीसाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. उत्तन आणि पाली-चौकचे कोळी बांधव आपल्याच महापालिकेच्या हद्दीतले. पापलेट-सुरमई महाग असली तरी मांदेली, बांगडा, बोंबील, करंदी पोषणात कमी नाहीत. बांगड्यासारख्या तेलकट माशातली चरबी हृदयाला चांगली. लहान मासे काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं.

बकरी ईदला कुर्बानीचं मांस एकदम येतं. ते मोठ्या पिशवीत कोंबून फ्रीजमध्ये ठेवलं की आतला भाग तासन् तास गरम राहतो आणि खराब होतो. एका वेळेला लागेल एवढ्या छोट्या पुड्या करून पसरून ठेवाव्यात. दोन दिवसांत लागणार नाही ते लगेच फ्रीझरमध्ये टाकावं. एकदा वितळलेलं मांस पुन्हा गोठवू नये. कच्चं मांस कापलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर सलाड कापू नये.

बायका आणि मुलं: रक्त कमी

घरात वाढणारी बाई शेवटी जेवते आणि तिच्या ताटात बोटी कमी, रस्सा जास्त असतो. याची किंमत आकड्यांत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. आधीच्या फेरीत ते अनुक्रमे ४८ आणि ५३.८ टक्के होतं. म्हणजे चार-पाच वर्षांत गोष्ट बिघडली. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी भरली.

थकवा, धाप, चक्कर, केस गळणं, अभ्यासात लक्ष न लागणं हे सगळं ‘कमजोरी’ म्हणून सोडून दिलं जातं. गरोदरपणात हीच कमजोरी आईच्या आणि बाळाच्या जिवावर येऊ शकते. काय करता येईल?

कलेजी, गोश्त, अंडी, मासे, बाजरी, हळीव, चवळी, चणे आणि हिरव्या पालेभाज्या यांत लोह आहे. मांसातलं लोह शरीर लवकर घेतं. भाजी-डाळीतलं घ्यायला लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांची जोड लागते. खजूर आणि गुळात लोह असतं, पण थोडं, आणि साखर भरपूर. फक्त त्यावर विसंबू नये.

जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला तर लोह वाया जातं. तासभर अंतर ठेवावं. लोहाची गोळीही चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये.

गरोदर बाईला सरकारी केंद्रातून लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या १८० दिवस मोफत मिळतात, बाळंतपणानंतरही तेवढ्याच दिवस. शाळेत मुलींना आणि मुलांना आठवड्याची गोळी आणि जंताची गोळी दिली जाते. ‘मळमळतं’ म्हणून घरून नाही म्हणू नका. गरोदर बाईने कलेजी रोज खाऊ नये, त्यातलं जीवनसत्त्व ‘अ’ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो.

बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी, घुट्टी काही नको. एक वर्षाच्या आत मध अजिबात चाटवू नये, त्यातून लहान बाळाला जीवघेणा विषबाधेचा आजार होऊ शकतो. सहा महिन्यांनंतर दुधाबरोबर मऊ खिचडी, डाळ, अंडं, मासा, कुस्करलेली भाजी सुरू करावी. बाटलीतला बिस्किटाचा काला म्हणजे जेवण नव्हे. आपल्या भागातल्या अंगणवाडीत नाव घातलं तर गरोदर आणि स्तनदा आईला आणि लहान मुलांना पोषण आहार मिळतो.

सगळ्यात मोठा उपाय मात्र फुकट आहे. घरातली आई, बहू, बेटी सगळ्यांबरोबर एकाच वेळी दस्तरखानावर बसली पाहिजे आणि बोटीची वाटणी सगळ्यांसाठी सारखी झाली पाहिजे.

रमजान आणि मधुमेह

रोजा ठेवावा की नाही, हे मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णासाठी वेगळं असतं. आजारी माणसाला सवलत आहे आणि राहिलेले रोजे नंतर पुरे करता येतात, हे कुराणच सांगतं. म्हणून डॉक्टरला न विचारता, गोळ्या स्वतःच्या मनाने कमी-जास्त करून रोजे धरणं हा हिमतीचा नाही, धोक्याचा रस्ता आहे. रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरला भेटावं. इन्शुलिन आणि काही गोळ्यांमुळे रोज्यात साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यांचा डोस आणि वेळ बदलावी लागते.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलमा सांगतात. तपासणी ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आली तर रोजा लगेच सोडायचा, असं डॉक्टरांचे मार्गदर्शक नियम आहेत. घाम, थरथर, घबराट, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर पडल्याची लक्षणं आहेत. त्या वेळी मगरिबची वाट पाहायची नाही.

सहरी चुकवू नये आणि शक्य तेवढी उशिरा करावी. त्यात अंडं, डाळ, दही, ज्वारीची भाकरी असं सावकाश पचणारं हवं. इफ्तारला खजूर आणि पाणी, मग फळं, चणा चाट, सूप. तळलेलं आठवड्यातून दोनदा. शरबताच्या जगऐवजी लिंबूपाणी किंवा पातळ ताक. तरावीहची नमाज आणि मशिदीपर्यंतचं चालणं हाच त्या महिन्यातला व्यायाम.

दावत आणि बाहेरचं खाणं

निकाह, वलीमा, अकिका, नवं दुकान, हज-उमराहून परत आलेले पाहुणे; दावतीला वर्षभर निमित्त असतं. नाही म्हणता येत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. तिथे एक ताट, एकदाच. आधी सलाड आणि कबाब, मग बिरयानी थोडी, आणि मिठाई किंवा कोल्ड्रिंक यांतलं एकच. दावत देणाऱ्यांनी कोल्ड्रिंकच्या जागी ताक ठेवलं आणि पानावर एक भाजी-रायता वाढवला तर शंभर घरांना मदत होते.

बाहेर खाताना दुकानात एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक लावलेला आहे का, तेल कसं दिसतं, बर्फ आणि पाणी कुठलं, हे पाहायचा ग्राहकाला हक्क आहे. शिळं किंवा भेसळीचं खाणं आढळलं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.

तपासणी कधी, कुठे

तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखर तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करावी. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत:

रक्तदाब १४०/९० किंवा वर: डॉक्टरकडे जा, एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५: उंबरठ्यावर. १२६ किंवा वर: मधुमेहाची शंका, पुन्हा तपासा.

तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) ६.५ किंवा वर: मधुमेह.

कमरेचा घेर: पुरुष ९० सेंटिमीटर, बाई ८० सेंटिमीटर. याच्या वर धोका. वजन बरोबर असून पोट सुटलेलं असेल तरी.

उंबरठ्यावर असलेल्यांना परत फिरता येतं. वजन थोडं उतरलं आणि रोज अर्धा तास भरभर चालणं झालं की अनेकांची साखर पुन्हा जागेवर येते. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, ओळखीच्या हकिमाची पुडी यावर विसंबून चालू गोळी बंद करू नका.

येत्या एक तारखेला

पुढच्या महिन्याचा किराणा भरताना यादीत एवढेच बदल करून पाहा. तेल दर महिन्याला अर्धा लिटर कमी, माणशी ९०० मिलिलिटरवर येईपर्यंत. मिठाची एक किलोची पिशवी चाळीस दिवस पुरवायची. साखर एक किलो कमी. डालडा, कोल्ड्रिंक आणि खारीचं मोठं पाकीट बाद. वाचलेल्या पैशांतून मसूर, चणे, अंडी, ज्वारीचं पीठ आणि रोजची एक जुडी पालेभाजी. यादीवर तारीख घालून ती फ्रीजच्या दारावर लावा. तीन महिन्यांनी घरातल्या मोठ्यांचा रक्तदाब आणि साखर पुन्हा मोजा आणि आकडा त्याच कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरकडे जाताना तो कागद बरोबर न्या. गोळी वाढवायची की कमी करायची, हे ठरवायला त्यांनाही तो उपयोगी पडेल.